न परतणारा नायक : भयखेळातील हेतूचा प्रश्न

१

भयकथेच्या वाचकाला पडणारा सर्वांत जुना प्रश्न अगदी साधा आहे : हा माणूस परत का जात नाही? वाड्यातून पावलांचे आवाज येतात, विहिरीपाशी कोणी उभे असल्याचा भास होतो, गावकरी सावध करतात, आणि तरीही नायक पुढेच जातो. कथेत या प्रश्नाला बगल देता येते. निवेदकाची गती, वातावरणाची घनता आणि ‘पुढे काय’ ही उत्कंठा यांच्या बळावर वाचक नायकामागून ओढला जातो. नायकाचा निर्णय वाचकाला पटला नाही तरी तो त्याने घेतलेला नसतो. त्याची जबाबदारी पात्रावर किंवा लेखकावर टाकून वाचक मोकळा होऊ शकतो.

व्हिडिओ गेम या माध्यमातील भयप्रधान कथनात, ज्याला येथे ‘भयखेळ’ म्हटले आहे, ही सोय उरत नाही. तेथे पात्राचे प्रत्येक पाऊल खेळणाऱ्याच्या बोटाने पडते. दार उघडायचे की नाही, तळघरात उतरायचे की नाही, हे त्यालाच करावे लागते. त्याने काहीच केले नाही तर कथनही थांबते. त्यामुळे ‘हा माणूस परत का जात नाही’ या प्रश्नाचे ‘याला मी पुढे का नेतो आहे’ असे रूपांतर होते. पात्राचा हेतू आणि खेळाडूचा हेतू यांत फट राहिली तर भय ओसरते आणि उरते ती केवळ यांत्रिक कसरत. भयखेळात विश्वसनीय नायक निवडणे ही म्हणूनच स्वभावचित्रणाच्या तपशिलापुरती बाब नाही. या प्रकाराच्या रचनेचाच तो पाया आहे.

या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात तीन टप्प्यांनी केला आहे. भयाचा आश्रय कोण, याविषयी परंपरेने काय गृहीत धरले होते. उपलब्ध भयखेळांनी आणि एका चित्रपटाने नायकाच्या हेतूची व्यवस्था कशी लावली. आणि पालघर जिल्ह्यातील सरावलीसारख्या गावी असा खेळ घडवायचा झाल्यास ही व्यवस्था कोणत्या कसोटीला लागते, असे हे टप्पे आहेत.

२

भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या व सातव्या अध्यायांत भयानक रस आणि त्याचा स्थायिभाव भय यांची चर्चा येते. भयाचे विभाव सांगताना भरत दोन वेगळ्या जातींची कारणे एकत्र ठेवतो. विकृत आवाज, भयंकर प्राण्यांचे दर्शन, ओसाड घरात किंवा अरण्यात जाणे ही एक जात. गुरूचा वा राजाचा अपराध ही दुसरी. पहिल्या जातीचे भय स्थळातून येते, दुसऱ्या जातीचे कर्त्याच्या स्वतःच्या कृत्यातून. भयकथेच्या रूढ व्याख्यांत पहिल्या जातीला अवास्तव महत्त्व मिळाले आणि दुसरी जवळजवळ विसरली गेली. भरताची यादी या दृष्टीने अधिक समतोल आहे.

मात्र त्याच विवेचनात एक अडचणीचे विधानही आहे. भय हा भाव स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्या ठिकाणी संभवतो, असे भरत सांगतो. उत्तम प्रकृतीच्या पात्राने भय दाखवलेच तर ते कृतक, म्हणजे गुरुजनांपुढे विनयापोटी दाखवलेले असावे. याचा अर्थ असा की भयाचा खरा आश्रय आणि नाट्याचा नायक या दोन जागा तत्त्वतःच भिन्न ठरतात. ज्याला भय वाटते तो नायक नव्हे आणि जो नायक आहे त्याला भय वाटत नाही.

ही विभागणी आधुनिक मराठी भयसाहित्यातही पुष्कळ काळ टिकून राहिली. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी निर्माण केलेले ‘समर्थ’ हे पात्र या संदर्भात उद्‌बोधक आहे. अमानुष शक्तींशी झुंजणारा, साधनेने सामर्थ्य मिळवलेला हा पुरुष इतरांच्या संकटात धावून येतो. भय वाटते ते संकटात सापडलेल्या सामान्य कुटुंबाला. समर्थांचा हेतू लोककल्याणाचा असल्याने त्यांना ‘परत का जात नाही’ असे विचारावेच लागत नाही. पण याच कारणाने भयाचा अनुभव आणि कृतीचा अधिकार दोन वेगळ्या माणसांत वाटला जातो. कथेत ही वाटणी चालून जाते, कारण वाचक भयभीत कुटुंबाच्या बाजूला बसून समर्थांची वाट पाहू शकतो. भयखेळात ती चालत नाही. तेथे खेळाडूला एकच देह मिळतो, आणि भ्यायचेही त्याच देहाने व पुढे जायचेही त्याच देहाने. भयखेळाच्या नायकाविषयीचा पेच या ठिकाणी सुरू होतो.

लोककथेकडे वळल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मराठी भूतकल्पनेत हेतू असतो तो भुताला. मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला मुंजा लग्नाची वासना घेऊन पिंपळावर राहतो. निर्वंश मेलेला समंध आपल्या धनावर पहारा देतो. बाळंतपणात मेलेली स्त्री हडळ होते. प्रत्येक भूत म्हणजे एक अपुरी राहिलेली मागणी असते. याउलट भुताला सामोरा जाणारा माणूस बहुधा वाटसरू असतो. त्याला उशीर झालेला असतो, एवढेच त्याचे निमित्त. चकवा लागलेल्या माणसाने तर काहीच करायचे नसते. जागीच बसून उजाडण्याची वाट पाहावी, असे जुनी माणसे सांगतात. लोकपरंपरेचे हे शहाणपण खेळाच्या नेमके विरुद्ध आहे, कारण जागीच बसून राहणारा नायक खेळ चालवू शकत नाही. लोककथेतील भूत उचलून खेळात ठेवणे सोपे आहे. वाटसरूला मात्र तेथे आणण्याआधी हेतू द्यावा लागतो.

३

भयखेळांच्या आजवरच्या इतिहासात हा हेतू तीन प्रकारे दिला गेला आहे.

पहिला प्रकार अडकवलेल्या नायकाचा. ‘रेसिडेंट इव्हिल’ (१९९६) या जपानी खेळात विशेष पोलीस पथकातील माणसे हिंस्र कुत्र्यांपासून जीव वाचवत एका हवेलीत शिरतात. बाहेर मृत्यू आहे, म्हणून आत राहायचे. ही योजना तर्काला धरून आहे, पण ती प्रश्नाचे उत्तर न देता प्रश्नच रद्द करते. दार बंद असल्यावर हेतूची गरज राहत नाही. जगण्याची इच्छा कोणालाही असते, त्यामुळे ती कोणा एकाची ओळख ठरत नाही.

दुसरा प्रकार पाठवलेल्या नायकाचा. ‘अलोन इन द डार्क’ (१९९२) या फ्रेंच खेळात खेळाडूला दोन पात्रांतून एक निवडता येते. खाजगी गुप्तहेर एडवर्ड कार्नबी पोटमाळ्यावरील एक पियानो शोधण्याच्या कामगिरीवर येतो. एमिली हार्टवुड ही मृत घरमालकाची पुतणी, ती कुटुंबाच्या ओढीने येते. एकाचा हेतू मोबदल्याचा, दुसरीचा नात्याचा. परंतु घर एकच, कोडी तीच, मार्ग तोच. आरंभी निवडलेल्या हेतूचा पुढील कृतींवर काहीही परिणाम होत नाही. कपाळावर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखा तो वरवरचा राहतो. ‘आउटलास्ट’ (२०१३) मधील पत्रकार माइल्स अपशर याची योजना यापेक्षा पुढची आहे. तो निनावी माहितीवरून एका मनोरुग्णालयात शिरतो, त्याच्याजवळ शस्त्र नसते, असतो तो चित्रीकरणाचा कॅमेरा, आणि अंधारात पाहण्याचे तेच एक साधन असते. पत्रकाराचा पाहण्याचा हेतू आणि खेळाडूची पाहण्याची गरज येथे एका वस्तूत एकत्र येतात. तरीही एक शंका उरते. पहिल्या प्रेतानंतर पत्रकाराजवळ बातमी जमा झालेली असते. त्यानंतर खेळ त्याला अडकवतो आणि दुसऱ्या प्रकारातून पहिल्या प्रकारात घसरतो.

तिसरा प्रकार स्वतःहून आलेल्या, किंबहुना परतून आलेल्या नायकाचा. ‘सायलेंट हिल २’ (२००१) मध्ये जेम्स संडरलँड याला मृत पत्नीचे पत्र येते आणि तिला शोधत तो धुक्याने भरलेल्या गावात येतो. पत्नीच्या मृत्यूला तोच कारण होता, हे अखेरीस उघड होते. शोधाचा हेतू खोटा नव्हता, पण तो एका अपराधाचे पांघरूण होता. विशेष म्हणजे या खेळाचा शेवट खेळाडूच्या बारीकसारीक वागण्यावर ठरतो. जखमी पात्राची तो काळजी घेतो की नाही, एका सुरीकडे पुनःपुन्हा पाहतो की नाही, यांवरून जेम्सच्या मनाची दिशा निश्चित होते. खेळाडूला नकळत तो पात्राचा हेतू घडवत असतो. तैवानमधील ‘डिटेंशन’ (२०१७) हा खेळ हीच रीत सामाजिक इतिहासात नेतो. १९६० च्या दशकातील दडपशाहीच्या काळात बंदी घातलेली पुस्तके वाचणाऱ्या शिक्षक-विद्यार्थ्यांच्या गटाची माहिती सत्तेला देणारी विद्यार्थिनी हीच त्याची नायिका आहे. शाळा झपाटलेली आहे ती तिच्या कृत्याने. भरताने सांगितलेली भयाची दुसरी जात, अपराधातून येणारे भय, या दोन खेळांत केंद्रस्थानी येते. तेथे दार उघडे असले तरी नायक जाऊ शकत नाही, कारण ज्यापासून पळायचे ते त्याच्याबरोबरच चालत असते.

या तीन प्रकारांवरून एक कसोटी हाती लागते. हेतू विश्वसनीय आहे की नाही हे पाहण्यासाठी दार उघडे ठेवून पाहावे. नायकाला निघून जाता येत असताना तो का थांबतो हे खेळाडूला कळले, आणि त्या क्षणी त्यालाही थांबावेसे वाटले, तर हेतू खरा. दार बंद करूनच नायकाला थांबवता येत असेल, तर त्याला हेतू दिलेला नाही, केवळ कुलूप दिलेले आहे.

४

या कसोटीला उतरणारे जवळचे उदाहरण चित्रपटातील आहे. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) हा हिंदी चित्रपट, पण त्याचा संसार कोकणातला आणि पुण्यातला आहे. त्यामागे नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे, आणि त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीशी नाते सांगते. विनायक लहानपणी आईबरोबर तुंबाड सोडतो. पुन्हा येथे यायचे नाही, असे आईने बजावलेले असते. तो मोठेपणी परततो, आणि एकदाच नव्हे तर पुनःपुन्हा परततो. दार उघडे आहे, पुण्यात घर आहे, संसार आहे. त्याला तुंबाडला कोणी अडकवलेले नाही.

या चित्रपटाची रचना भयखेळाच्या रचनेशी विलक्षण जुळते. विहिरीसारख्या गर्भात दोरावरून उतरणे, पिठाचे रिंगण आखणे, कणकेची बाहुली दाखवून हस्तरला बोलावणे, तो खाण्यात गुंतला असताना त्याच्या लंगोटातील मोहरा हिसकणे आणि वर चढणे, ही ठरलेल्या नियमांची पुनरावृत्त कृती आहे. प्रत्येक खेपेस किती मोहरा घ्यायच्या आणि केव्हा निघायचे हा हिशेब विनायकाला करावा लागतो. प्रेक्षकही तो हिशेब मनात करू लागतो. लोभ हा विनायकाच्या स्वभावाविषयी सांगितलेला गुण राहत नाही, तो कृतीच्या नियमांतच मुरतो. अखेरीस बापलेक एकाऐवजी अनेक बाहुल्या घेऊन उतरतात आणि तितकेच हस्तर प्रकटतात. ती शिक्षा बाहेरून कोणी दिलेली नसून त्याच हिशेबाचे तर्कशुद्ध फलित असते. मुलगा पांडुरंग बापाने पुढे केलेले धन नाकारतो, तेव्हा पहिल्यांदाच कोणी तरी उघड्या दारातून बाहेर पडतो.

हेतू सांगून भागत नाही, तो नियमात उतरावा लागतो, हे येथून घेण्यासारखे आहे. पिठाचे रिंगण विनायकाच्या हव्यासाविषयी जे बोलते ते कोणत्याही संवादाला बोलता आले नसते.

५

हा विचार भूमीवर आणून तपासण्यासाठी सरावलीचा विचार करता येईल. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातील हे गाव बोईसरला आणि तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून आहे. एका बाजूला रसायनांचे कारखाने व कामगारांच्या चाळी, दुसऱ्या बाजूला वारली पाडे, आणि किनाऱ्यावर १९६९ मध्ये सुरू झालेले अणुवीज केंद्र. भयखेळाच्या निर्मात्याला हा परिसर प्रथमदर्शनी आयता वाटेल. रात्रीचा उग्र वास, वाफेचे लोट, जंगलाकडे जाणारी वाट, वाघोबाचे लाकडी देव, भिंतीवरची पांढरी चित्रे. पण हे सारे उद्दीपन विभाव झाले. आश्रय कोण, हा प्रश्न सुटलेला नाही. शिवाय यांतील काही उद्दीपने चुकीच्या वाचनातून येतात. लग्नाच्या वेळी सवाशिणी रेखतात तो चौक आणि त्यातील पालघट देवी ही समृद्धीची व सुफलतेची खूण आहे. तिला अंधाऱ्या खोलीत रक्ताच्या डागांशेजारी ठेवले तर भय निर्माण होईल, पण ते अज्ञानावर पोसलेले असेल.

नायकासाठी पहिला पर्याय सहज सुचणारा आहे : मुंबईहून आलेला पत्रकार किंवा हौशी चित्रफितकार. एप्रिल २०१३ पासून विरारपुढे डहाणूपर्यंत लोकल धावते, म्हणजे तो सकाळी येऊन रात्री परत जाऊ शकतो. उघड्या दाराच्या कसोटीवर तो येथेच नापास होतो. शेवटची गाडी पकडण्याइतके सोपे दुसरे काही नसताना तो का थांबेल? त्याच्या दृष्टीने येथील माणसेही भयाची सामग्रीच राहणार. भगत हा हमखास खलपुरुष ठरेल आणि एखादी एकटी वृद्धा ‘भुताळी’.

या दुसऱ्या शक्यतेत जे पणाला लागते त्याचा गंभीरपणे विचार व्हायला हवा. आजाराचा वा मृत्यूचा दोष एखाद्या स्त्रीवर ठेवून तिला भुताळी ठरवण्याचे आणि तिचा छळ करण्याचे प्रकार प्रत्यक्षात घडत आले आहेत. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला तो अशा प्रकारांच्या पार्श्वभूमीवर. कथेत भुताळीचे पात्र आले तर वाचक तिच्याविषयी संशय बाळगतो, क्वचित तो संशय सोडूनही देतो. खेळात तिला शत्रू केले तर खेळाडू स्वतःच्या हाताने तिला मारतो आणि त्याबद्दल पुढच्या टप्प्याचे बक्षीस मिळवतो. जमाव जे करतो त्याची ती तालीम ठरते. नायकाचा हेतू निवडणे म्हणजे खेळाडूच्या हाताला कोणते काम द्यायचे हे निवडणे होय, आणि म्हणून हा प्रश्न कलात्मक असतानाच नैतिकही असतो.

दुसरा पर्याय अधिक कठीण, पण अधिक फलदायी आहे : वसाहतीतील एखाद्या रासायनिक कारखान्यातला रात्रपाळीचा कंत्राटी कामगार. तो का थांबतो हे समजावून सांगावे लागत नाही. पाळी अर्धवट टाकली तर हजेरी जाते, ठेकेदार दुसऱ्या दिवशी फाटकावर उभा करत नाही, खोलीचे भाडे तुंबते. फाटक उघडे असते, पहारेकरीही अडवत नाही, पण निघून जाणे परवडत नाही. या वसाहतीत स्फोट आणि आगी झालेल्या आहेत, त्यात माणसे मेलेली आहेत. त्यामुळे रिअॅक्टरपाशी दिसलेली आकृती ही मृत सोबत्याची की डोक्यात चढलेल्या वाफेची, ही शंका आपोआप उभी राहते. नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमधील ज्या दोलायमानतेला त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये अद्‌भुताचे लक्षण मानले, ती येथे कामगाराच्या रोजच्या अनुभवातून येते. तिच्यासाठी वेगळे धुके सोडावे लागत नाही.

या नायकामागे परिसराचा इतिहासही उभा आहे. स्वातंत्र्यपूर्व काळात येथील वारली ‘लग्नगडी’ होत असे. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे, अशी ती पद्धत होती. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली झालेला वारल्यांचा उठाव लग्नगडी आणि वेठबिगार यांच्याविरुद्ध होता. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये त्याचा वृत्तांत नोंदवला आहे. लग्नगड्याच्या पायात बेडी नव्हती, दार उघडेच होते. भयाने थांबलेला आणि कर्जाने थांबलेला, या दोन माणसांत येथे फरक करता येत नाही.

भरताच्या विधानाकडे येथे पुन्हा पाहता येईल. भय ‘नीच प्रकृती’चे लक्षण आहे असे म्हणताना परंपरेने एक निरीक्षण केले होते आणि त्याला चुकीचे नाव दिले होते. ज्याला निघून जाण्याचे सामर्थ्य नाही त्याला भय अधिक काळ सोसावे लागते, हे ते निरीक्षण. ती प्रकृती नव्हे, परिस्थिती आहे. भयखेळाने कंत्राटी कामगाराला नायक केले तर भयाचा आश्रय आणि कृतीचा कर्ता या दोन जागा पहिल्यांदा एका माणसात येतील, आणि उत्तम-नीच ही विभागणी निरर्थक ठरेल.

६

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो. खेळाडूला कामगाराच्या रोजाची गरज नसते. तो आरामात बसलेला असतो, आणि त्याला हजेरी गेल्याचे दुःख कसे व्हावे? आक्षेप योग्य आहे. हेतू केवळ संवादातून किंवा भिंतीवरच्या चिठ्ठ्यांतून सांगितला तर असेच होईल. उत्तर ‘तुंबाड’च्या पिठाच्या रिंगणात आहे. रोजाचा हेतू खेळाच्या नियमांत उतरला पाहिजे. समजा, पाळीचा भोंगा होईपर्यंत ठरावीक कामे उरकायची आहेत, फाटक सदैव उघडे आहे, आणि खेळाडू कधीही बाहेर पडू शकतो. बाहेर पडल्यास पात्र सुरक्षित राहते, पण दुसऱ्या रात्री विजेरीचे सेल घ्यायला पैसे नसतात, तिसऱ्या रात्री शेजारच्या खोलीतला मुलगा त्याच्या जागी कामावर गेलेला असतो. अशा रचनेत खेळाडू फाटकापाशी उभा राहून विचार करील आणि बहुधा मागे फिरेल. तो विचाराचा क्षण म्हणजेच हेतूची प्रचीती होय.

दुसरा आक्षेप असा की इतक्या सामाजिक ओझ्याखाली भय दबून जाईल आणि खेळ उपदेशपर होईल. हा धोका खरा आहे. पण तो सामाजिक आशयामुळे येत नाही. भुताला दुर्लक्षिल्यामुळे तो येतो. लोकपरंपरेत भुताची मागणी स्पष्ट असे, हे वर पाहिले. कारखान्यातील मृत सोबत्यालाही मागणी असली पाहिजे, आणि ती नायकाला पेलवणार नाही अशी असली पाहिजे. त्या रात्री झडप कोणी उघडी ठेवली ते सांग, एवढी ती साधी असू शकते. ते सांगितले तर रोज जातो, न सांगितले तर मृत सोबती जात नाही. आणि झडप उघडी ठेवणारा हात नायकाचाच असेल, तर स्थळाचे भय आणि अपराधाचे भय एकाच ठिकाणी येऊन मिळतात. तेथे उपदेशाला वाव राहत नाही, कारण खेळाडूला निर्दोष जागाच उरत नाही.

भुताची मागणी आणि माणसाची गरज यांची गाठ पडते तेथेच भयकथेचा जन्म होतो. वाटसरूच्या कथेत ती गाठ योगायोगाने पडत असे. भयखेळात ती खेळाडूच्या हाताने, उघड्या दारापाशी पडते. सरावलीच्या नायकाबद्दल पहिला प्रश्न ‘त्याला कशाची भीती वाटते’ हा नसावा. फाटक उघडे असताना तो कशासाठी आत राहतो, हे ठरले की त्याला कशाची भीती वाटायला हवी हे आपोआप कळेल.